आयातशुल्क उतरलं, कारखाने सुधारले. कामगार कुठे गेला?

चक्रधर

‘खुला व्यापार गरीब देशांना तारतो की बुडवतो’ या धाग्याची काय गत झाली ते सगळ्यांनी पाहिलंच. दोन तट पडले, मग एकमेकांची जुनी मतं उकरली गेली, शेवटी संपादकांनी कुलूप लावलं. मला तिथे जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न एवढाच: विकसनशील देशाने आयातशुल्क उतरवल्यावर ज्या उद्योगाला फटका बसतो, तिथला माणूस पुढे काय करतो?

पुस्तकी उत्तर आहे, आणि ते वाईट नाही. १९४१ साली स्टोल्पर आणि सॅम्युएलसन या दोघांनी मांडलेला सिद्धान्त ढोबळमानाने असा, की ज्या देशात भांडवल थोडं आणि कमी शिकलेले हात भरपूर, तो देश व्यापाराला खुला झाला की त्या हातांनाच मागणी येते. मजुरी वाढते, विषमता घटते. म्हणजे गरीब देशातल्या मजुराने तर खुल्या व्यापाराचा झेंडा घेऊन पुढे धावायला हवं.

प्रत्यक्षात लॅटिन अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकांत उलटं दिसलं. मेक्सिको १९८६ साली गॅटमध्ये (देशोदेशींच्या व्यापाराचे आणि शुल्काचे नियम ठरवणाऱ्या करारात) आला, कोलंबियाने त्याच सुमारास शुल्क उतरवायला घेतलं, आणि दोन्हीकडे शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारांच्या पगारांतली दरी रुंदावली. याची कारणं बरीच सांगितली जातात (नवं तंत्रज्ञान, चीनसारख्या आणखी स्वस्त मजुरीच्या देशांचा बाजारात प्रवेश वगैरे), पण मला सगळ्यांत पटणारं कारण साधं आहे. या देशांत शुल्काची सर्वांत उंच भिंत होती ती कपडे, पादत्राणं अशा कमी शिकलेल्या मजुरांच्याच उद्योगांभोवती. भिंत पाडली तेव्हा आधी उघडे पडले तेच.

पण घोडं खरं अडतं पुढे. सगळा सिद्धान्त एका गृहीतकावर उभा आहे: इथली नोकरी गेली की माणूस तिथे जातो. बुडत्या उद्योगातून चढत्या उद्योगात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात.

भारतापुरतं हे पेटिया टोपालोवा यांनी तपासलं. १९९१ चं संकट आठवतं ना? परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, नाणेनिधीचं कर्ज, त्याच्या अटी. शुल्काची सरासरी १९९० मध्ये ८० टक्क्यांच्या वर होती, ती १९९६ पर्यंत ३७ टक्क्यांवर आली. हे इतक्या घाईत झालं की कुठल्या उद्योगाचं शुल्क किती उतरावं यासाठी दिल्लीत वजन टाकायला फारसा कुणाला वेळच मिळाला नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने ही पर्वणी. त्यांनी जिल्हे पाहिले: ज्या जिल्ह्यांतले लोक शुल्क जास्त उतरलेल्या उद्योगांत होते आणि ज्या जिल्ह्यांतले नव्हते, त्यांच्यात फरक काय? ग्रामीण भागात उत्तर मिळालं की गरिबी कमी होण्याचा वेग पहिल्या गटात मंदावला. नीट वाचा, गरिबी वाढली असं इथे म्हटलेलं नाही. देशभर ती घटतच होती. फटका बसलेल्या जिल्ह्यांच्या वाट्याला ती घट कमी आली. आणि कामासाठी जिल्हा बदलणारे लोक अगदी थोडे निघाले.

ब्राझीलचा पुरावा याहून अस्वस्थ करणारा आहे. १९९० ते ९५ या काळात तिथली शुल्काची सरासरी ३०.५ टक्क्यांवरून १२.८ टक्क्यांवर आली. डिक्स-कार्नेरो आणि कोवाक यांनी पुढची वीस वर्षं त्या-त्या प्रदेशांचा माग काढला. अपेक्षा अशी की सुरुवातीला धक्का बसेल, मग लोक हलतील, नवे धंदे येतील, दरी बुजेल. झालं भलतंच. फटका बसलेल्या प्रदेशांतल्या संघटित क्षेत्राच्या कमाईवरचा परिणाम दहाव्या वर्षी होता त्याच्या तिप्पट विसाव्या वर्षी होता. म्हणजे ‘सुरुवातीला थोडं सोसा’ असं ज्यांना सांगितलं, त्यांची पुढची पिढी कामाला लागली तरी सोसणं चालूच.

तुम्हाला काय वाटतं? आणि कृपया, तट नकोत.

बोरूबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर प्रतिसाद सवडीने. (माझी सवड किती प्रसिद्ध आहे ते जुने सभासद जाणतातच.)

गणकयंत्र

लेख चांगला, पण अर्धा. तुम्ही फक्त तयार मालावरचं शुल्क पाहताय. कारखान्याच्या दोन बाजू असतात: एका बाजूने माल बाहेर पडतो, दुसऱ्या बाजूने आत येतो. शुल्क दोन्हीकडचं उतरतं. बाहेर पडणाऱ्या मालाला परदेशी स्पर्धा वाढते हे खरं. पण आत येणारा कच्चा माल, सुटे भाग, रसायनं, यंत्रं स्वस्त होतात. नुसती स्वस्त नव्हे, जी आधी मिळतच नव्हती ती मिळू लागतात.

गोल्डबर्ग, खंडेलवाल, पावक्निक आणि टोपालोवा (होय, त्याच टोपालोवा) यांनी १९९१ नंतरच्या भारतीय कंपन्यांची आकडेवारी घेऊन हे मोजलं. त्या काळात कंपन्यांनी जी नवी उत्पादनं बाजारात आणली, त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांचं श्रेय कच्च्या मालावरचं शुल्क उतरण्याला जातं. तोच देश, तीच सुधारणा. एका खिडकीतून पाहिलं तर गावातली गरिबी रेंगाळलेली दिसते, दुसरीतून पाहिलं तर कारखान्यात नवा माल तयार होताना दिसतो. दोन्ही खरं आहे.

दुसरं, चिली. तिथे १९७० च्या दशकात शुल्क झपाट्याने उतरवलं, १९७९ पर्यंत मोटारी सोडल्या तर सरसकट १० टक्के. पावक्निक यांनी त्यानंतरच्या वर्षांत कारखान्यांची उत्पादकता किती वाढली ते पाहिलं, तर सुमारे दोन तृतीयांश वाढ प्रत्येक कारखाना आपापल्या जागी सुधारला म्हणून झालेली नव्हती. ढिसाळ कारखाने आकसले किंवा बंद पडले, चांगले मोठे झाले, म्हणून सरासरी वर गेली. २००३ साली मार्क मेलिट्झ यांनी नेमकं हेच गणितात बसवलं आणि आज या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो.

आता तुमचा प्रश्न मी तुम्हालाच परत करतो. ढिसाळ कारखाना बंद पडणं ही देशाच्या उत्पादकतेची बातमी म्हणून चांगली, त्यातल्या कामगाराची बातमी म्हणून वाईट. घटना एकच. मग तिच्यावरून धोरण चूक की बरोबर हे कसं ठरवायचं?

तिरकस

वा! म्हणजे मालकाला कच्चा माल स्वस्त, सरासरीला उंची, आणि कामगाराला नारळ. प्रगती म्हणतात ती हीच.

गंमत बाजूला. गणकयंत्र, तुमच्याच गोटातला आणखी एक अभ्यास तुम्ही सोयीने गाळलात. दे लोकर आणि मंडळींनी त्याच भारतीय कंपन्यांच्या किमती आणि खर्च वेगळे काढले. खर्च बराच उतरला, किमती तेवढ्या उतरल्या नाहीत. मधला फरक नफ्यात गेला. ‘ग्राहकाला स्वस्त माल मिळेल’ हे खुल्या व्यापाराचं पहिलं आश्वासन, त्यातला मोठा वाटा वाटेतच थांबला.

शेतीचं तर विचारूच नका. हैतीने १९९५ साली तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं. समोर अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला तांदूळ. तिथला भात पिकवणारा शेतकरी टिकणार कसा? ज्यांच्या कारकिर्दीत हा दबाव आला त्या बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे हे धोरण चुकल्याचं कबूल केलं. आपल्या आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं असेल, हैतीचं नाही, असंही सांगितलं. पंधरा वर्षांनी. तोवर शेतं ओस.

आणि ज्या देशांचे गोडवे गातात त्या दक्षिण कोरियाने १९६० आणि ७० च्या दशकांत काय केलं? आयातीला कुंपण, निर्यातीला दाणापाणी. मग शहाणपण फक्त गरिबांनाच का शिकवायचं?

गणकयंत्र

दे लोकर यांचा मुद्दा मान्य, तो गाळण्यासारखा नाहीच. फक्त त्याच साठलेल्या नफ्यातून नव्या उत्पादनांचा खर्च निघाला असण्याची शक्यता त्या अभ्यासकांनीही मांडली आहे. सगळा नफा मालकाच्या बंगल्यात गेला असं सिद्ध झालेलं नाही.

कोरियाबद्दल मात्र अर्धवट गोष्ट सांगू नका. कुंपण होतं, पण कुंपणाच्या आत झोपायची मुभा नव्हती. राष्ट्राध्यक्ष पार्क दर महिन्याच्या निर्यात बैठकीला स्वतः बसत, कंपन्यांना निर्यातीचं लक्ष्य असे, ते गाठणाऱ्यांना स्वस्त कर्ज. आपल्याकडे १९९१ पूर्वी कुंपण होतं आणि परवाना हाती असला की आत निवांत ताणून देता येत होतं. एके काळी भारतातलं सर्वोच्च शुल्क ३५५ टक्के होतं. त्या भिंतीआड मजुराचं कल्याण झालं असं म्हणणाऱ्याने मला त्या काळातली गरिबीची आकडेवारी दाखवावी.

सुतळी

मी अर्थशास्त्रातला नाही. यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात खरेदी विभागात आयुष्य गेलं. वरची चर्चा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

परवान्याच्या काळात चांगलं बेअरिंग हवं असलं तरी आयातीचा अर्ज करून वाट बघत बसायचो. तोवर जे देशात मिळेल ते लावायचं. गिऱ्हाइकाची तक्रार आली की दोष आमच्या वर्कशॉपवर. शुल्क उतरलं आणि माल सुटला तेव्हा आमच्या मालाचा दर्जा वर्षा-दोन वर्षांत बदलला, कामगार तेच होते, यंत्रंही बरीचशी तीच. त्यामुळे गणकयंत्र म्हणतात ती दुसरी खिडकी मी आतून पाहिली आहे.

पण त्याच काळात आम्हाला छोटे भाग पुरवणारे जॉबवर्कवाले एकेक करून बंद झाले. पाच-सात माणसांची युनिटं. त्यांचा भाग आम्ही बाहेरून मागवू लागलो, तो निर्णय माझ्याच सहीने होत होता. त्यांतले काही जण पुढे आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडून रोजंदारीवर आले. कागदावर म्हणाल तर बेकार कुणीच झालं नाही.

आणि एक छळ अजून संपलेला नाही: तयार वस्तूवर शुल्क कमी आणि ती बनवायला लागणाऱ्या मालावर जास्त. अशी उलटी रचना असली की इथे बनवण्यापेक्षा आणून विकणं परवडतं. हे काही खुल्या व्यापाराने केलेलं नाही. कच्चा माल बनवणारे मोठे असतात, त्यांचं ऐकलं जातं. तो वापरणारे छोटे आणि विखुरलेले, त्यांचं कोण ऐकणार!

चक्रधर

सुतळीकाका, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. ‘कागदावर बेकार कुणीच झालं नाही’ हेच ब्राझीलच्या आकड्यांत दिसतं. तिथे संघटित क्षेत्रातली नोकरी गेलेला माणूस आधी बेकार राहतो, काही वर्षांनी असंघटित कामात दिसतो. बेरोजगारीचा आकडा दहा वर्षांनी पाहणाऱ्याला वाटतं, सगळं जागेवर आलं. भविष्य निर्वाह निधी, रजा, आजारपणाचं संरक्षण गेलं ते त्या आकड्यात मावतच नाही.

वीस वर्षं दरी का वाढत गेली याचं उत्तरही त्यांनी दिलंय. माणसं हलली नाहीत, पण भांडवल हललं, हळूहळू. जुनं यंत्र झिजलं की मालक नवं त्या गावात बसवत नाही, दुसरीकडे बसवतो. कारखाने कमी झाले की त्यांच्या आजूबाजूचे धंदेही सुकतात. एका रात्रीत काही बंद पडत नाही, म्हणून ही बातमीही होत नाही.

एक_वाचक

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: हे सगळं ‘आपलं’ शुल्क उतरवण्याबद्दल चाललंय. समोरच्या देशाने आपल्या मालावरचं शुल्क उतरवलं तर?

गणकयंत्र

अजिबात बाळबोध नाही. मी तर म्हणेन की या चर्चेत निम्मे गैरसमज याच दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतात.

व्हिएतनाम पाहा. अमेरिकेशी त्यांचा द्विपक्षीय करार डिसेंबर २००१ मध्ये लागू झाला. व्हिएतनामी मालावरचं अमेरिकी शुल्क सरासरी २३.४ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आलं, जवळजवळ एका झटक्यात. मॅकेग यांना आढळलं की ज्या प्रांतांना याचा जास्त लाभ झाला तिथे गरिबी जास्त वेगाने घटली. पुढे मॅकेग आणि पावक्निक यांनी दाखवलं की ज्या उद्योगांचं शुल्क जास्त उतरलं त्यांतले कामगार घरगुती धंद्यांतून नोंदणीकृत कंपन्यांत गेले. ब्राझीलच्या बरोबर उलट दिशेने! आणि हलले कोण, तर प्रामुख्याने तरुण. चाळिशी-पन्नाशीतला माणूस तिथेही आपल्या घरगुती धंद्यातच राहिला.

म्हणजे चक्रधर यांच्या प्रश्नाचं एक उत्तर असं: समोरून ओढ असेल तर माणूस हलतो, मागून नुसता धक्का दिला तर बसल्या जागी पडतो.

शेवंती

या सगळ्यात बाई कुठे आहे?

बांगलादेशचं उदाहरण घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता. कोरियाचा कोटा भरत आला, म्हणून तिथल्या देवू कंपनीने कोटा मोकळा असलेला देश शोधला आणि १९७९ साली बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी करार केला. देशने १३० जणांना शिकायला कोरियात पाठवलं. परत आल्यावर काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण बाहेर पडून दुसऱ्या कंपन्यांत गेले, कित्येकांनी स्वतःचे कारखाने काढले. एवढ्याशा रोपातून आज त्या देशाच्या निर्यातीतला चार पंचमांशांहून जास्त भाग आला आहे. गंमत म्हणजे ज्याने याला जन्म दिला तो कोटा खुल्या व्यापाराच्या नेमका विरुद्ध होता! १ जानेवारी २००५ ला कोटे संपले तेव्हा बांगलादेश चीनपुढे बुडणार असं भाकीत होतं. तो बुडाला नाही.

शिलाईच्या लाइनवर बहुसंख्य मुली. हीथ आणि मुबारक यांनी गावोगावचं पाहून दाखवलं की जिथून कारखान्यात जाणं शक्य होतं तिथल्या मुलींची लग्नं लांबली, मूल होण्याचं वय वाढलं, आणि लहान मुली शाळेत जास्त टिकल्या, कारण हिशेब येणाऱ्या मुलीला कामावर किंमत होती. घरात पगार आणणाऱ्या मुलीचं लग्न लावून द्यायची कुणाला घाई नसते, हे सांगायला खरं तर अभ्यास लागू नये.

आणि त्याच देशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून १,१३४ माणसं मेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. त्याच इमारतीतली बँक रिकामी केली गेली, शिलाईवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. शिपमेंट चुकली असती. या दोन परिच्छेदांची वजाबाकी करून कुणी मला ‘एकूण परिणाम’ सांगू नये.

मुलींच्या शाळेचं झालं ते सगळीकडे होतं असंही नाही. मेक्सिकोत १९८६ ते २००० या काळात निर्यातीचे कारखाने निघाले तेव्हा डेव्हिड अ‍ॅटकिन यांना उलटं दिसलं: दर २५ नव्या नोकऱ्यांमागे एक मूल बारावीपर्यंत न जाता नववीतच शाळा सोडत होतं. कारखान्याला शिक्षण लागत नसेल आणि पगार आज मिळत असेल, तर सोळा वर्षांचं पोरगं काय करेल? नोकरी कुठल्या शिक्षणाची आहे त्यावर सगळं आहे.

तिरकस

शेवंतीताईंना साष्टांग. वजाबाकीचं वाक्य चोरतोय.

बोरूबहाद्दर

रुमाल उचलतो. (पाहा, आलो की नाही?)

निर्यात म्हणजे चांगली नोकरी असं समीकरण धाग्यावर रुजताना दिसतंय, त्यावर थोडं पाणी ओततो. इथिओपियात ब्लॅटमन आणि डर्कॉन यांनी कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या अर्जदारांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. वर्षभरात बहुतेकांनी ती नोकरी सोडली. पगार बाहेरच्या किरकोळ कामांपेक्षा जास्त नव्हता, तब्येतीला त्रास मात्र जास्त. लोकांच्या लेखी कारखाना ही अडीअडचणीला धरायची जागा होती, आयुष्य काढायची नाही. परत त्याच देशाला १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने शुल्कमुक्त प्रवेश नाकारला, कारण तिथल्या तिग्राइ प्रांतातलं युद्ध. राजकारण सत्ताधाऱ्यांचं, ऑर्डरी गेल्या शिलाईवाल्यांच्या. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर मिळालेली बाजारपेठ अशीच जाते.

कंपन्यांपुरतं बोलायचं तर इजिप्तचा प्रयोग वाचण्याजोगा आहे. हातमागावर गालिचे विणणाऱ्या छोट्या कारागिरांना चिठ्ठ्या टाकून परदेशी ऑर्डरी मिळवून दिल्या. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विणकामाचा दर्जा सुधारला, आणि नंतर सगळ्यांना एकसारखाच गालिचा विणायला दिला तेव्हाही यांचा चांगला निघाला. म्हणजे चोखंदळ गिऱ्हाईक शिकवतं. सुतळीकाकांच्या बेअरिंगसारखंच, फक्त उलट्या टोकाने.

कासवगती

उशिरा येतो आहे, सगळे प्रतिसाद वाचले. एका गोष्टीचा उल्लेख कुणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते: चलनाचा दर.

भारताने शुल्क उतरवायला घेतले त्याच महिन्यात, जुलै १९९१ मध्ये, दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन केले होते. आयात शुल्काच्या बाजूने स्वस्त झाली, पण रुपयाच्या बाजूने महाग. धक्का अंशतः शोषला गेला आणि निर्यातदाराला हात मिळाला. चिलीने नेमके उलट केले. जून १९७९ मध्ये शुल्क १० टक्क्यांवर आणले आणि त्याच महिन्यात पेसो एका डॉलरला ३९ असा बांधून टाकला. देशात महागाई चालू, दर जागचा हलत नाही. परदेशी माल दिवसेंदिवस स्वस्त, स्वतःचा माल बाहेर महाग. जून १९८२ मध्ये दर सोडावा लागला. त्या वर्षी अर्थव्यवस्था १३-१४ टक्क्यांनी आकसली आणि बेरोजगारी २० टक्क्यांच्या वर गेली. गणकयंत्र यांनी सांगितलेली ‘ढिसाळ कारखान्यांची छाटणी’ याच काळातली आहे. छाटणीत ढिसाळ किती आणि केवळ चुकीच्या दरामुळे मेलेले धडधाकट किती, हे वेगळे करणे मला तरी कठीण वाटते.

दुसरा मुद्दा कामगार कायद्यांचा. टोपालोवा यांच्याच अभ्यासात फटका ज्या राज्यांत जास्त दिसला तिथे कामगार कायदे अधिक ताठर होते. यावरून ‘कायदे सैल करा’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. मला तो अर्धाच पटतो. माणसाला कामावरून काढणे सोपे झाले तर नव्या उद्योगाला नेमणे सोपे होईल, हे ठीक. पण काढणे आणि नेमणे यांच्या मधल्या काळात त्याचे घर कोण चालवणार?

१९९२ साली आपल्याकडे यासाठीच राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला होता. हेतूत कामगारांचे पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्वसन होते. पैसा मुख्यतः गेला केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर, म्हणजे जो आधीच संघटित आणि तुलनेने सुरक्षित होता त्याच्यावर. सुतळी यांच्या जॉबवर्कवाल्यांचे नाव त्या यादीत कधीच येणार नव्हते. त्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हते.

चक्रधर

कासवगती, चलनाचा मुद्दा पटला. माझं मत आता असं बनतंय. खुलं की बंद यापेक्षा आधी काय खुलं केलं याने जास्त फरक पडतो. कच्चा माल आणि यंत्रं आधी, तयार माल नंतर. शुल्क उतरवताना आपलं चलन महाग होऊ द्यायचं नाही. आणि जमेल तिथे आपलं दार उघडण्याच्या बदल्यात समोरच्याचं दार उघडून घ्यायचं, म्हणजे धक्क्याबरोबर ओढही येईल. यातलं काहीच नवं नाही हे मला माहीत आहे. पण संकटात सापडलेल्या देशाला हा क्रम निवडायची मोकळीक क्वचितच मिळते, आणि बहुतेक मोठ्या सुधारणा संकटातच झाल्यात.

तिरकस

क्रम ठीक आहे हो. पण पन्नाशीतल्या माणसासाठी तुमच्या क्रमात काय आहे? तो व्हिएतनाममध्येही हलला नाही असं गणकयंत्रच म्हणाले.

‘जिंकणारे हरणाऱ्यांना भरपाई देऊ शकतात, म्हणून व्यापार चांगला’ असं प्रत्येक पुस्तकात असतं. देऊ शकतात. दिली कुणी?

गणकयंत्र

फारशी कुणी नाही. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

उलट ब्राझीलचाच आणखी एक अभ्यास आहे, डिक्स-कार्नेरो, सोआरेस आणि उलिसेआ यांचा. फटका बसलेल्या प्रदेशांत सुधारणेनंतरच्या काही वर्षांत गुन्हे इतर भागांच्या तुलनेत वाढले. कारणं शोधताना दिसलं की रोजगार तर घटला होताच, शिवाय तिथल्या स्थानिक सरकारांचं उत्पन्न आणि खर्चही घटला होता. धंदे बसले की कर बसतो. म्हणजे ज्या वर्षी शाळा, दवाखाने, पोलीस यांची गरज सर्वांत जास्त, त्याच वर्षी नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट. भरपाई कामगाराला थेट द्यायची की नाही यावर वाद घाला हवा तर, पण निदान अशा जिल्ह्यांचं अनुदान आपोआप वाढेल एवढी तरतूद शुल्क उतरवणाऱ्या त्याच अर्थसंकल्पात करता येते. शुल्काची यादी आणि कुठल्या जिल्ह्यात कुठला उद्योग याची जनगणना, दोन्ही सरकारकडे आधीपासून असतात. कुणाला फटका बसणार हे शुल्क उतरवायच्या आदल्या दिवशी मोजता येतं.

सुतळी

जनगणनेत माझे जॉबवर्कवाले ‘स्वयंरोजगार’ या रकान्यात असणार. त्यांना कुठल्या उद्योगात धरणार?

कासवगती

बनवतात त्या वस्तूवरून. रकाना मालकी कुणाची ते सांगतो. बेअरिंगचा भाग करणारा माणूस रोजंदार असो वा मालक, शुल्काचा फटका त्याला सारखाच. जनगणनेत उद्योगाचा संकेतांक वेगळा नोंदवला जातो, तो वापरला तर तुमची माणसेही मोजणीत येतात. टोपालोवा यांनी जिल्हानिहाय हिशेब त्याच संकेतांकांवरून केला होता.

एक_वाचक

शेतीवर वेगळा धागा काढाल का कुणी? तिरकस यांनी हैतीचं सांगितलं, पण व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकात तांदळाची निर्यात मोकळी झाली तेव्हा भाव जवळपास ३० टक्क्यांनी वाढून भात पिकवणाऱ्या घरांतली बालमजुरी घटली असं मी वाचलं आहे. तांदूळ तोच, परिणाम उलटा.

तिरकस

काढतो. रविवारी. बोरूबहाद्दर, तुमचा रुमाल आताच टाकून ठेवा.